पुदिना बशीत काढून ठेवला

शनिवारी संध्याकाळी मी मुलांसाठी 'माई ताई' नावाचं कॉकटेल बिनदारूचं करतो. बदाम आदल्या रात्री भिजवून, वाटून, गाळून त्याचं सरबत केलेलं असतं. बर्फ पंचात गुंडाळून लाटण्याने फोडतो, कारण चुराच हवा, खडे चालत नाहीत. पेल्यात, पूर्वी दात विचकलेल्या तपकिरी टिकी मगात, लिंबाचा आणि अननसाचा रस, ते सरबत आणि बर्फ घालून वर पुदिना खोचतो, घोट घेताना नाकाला वास यावा म्हणून. आठ वर्षांचा मुलगा कागदी छत्री खिशात घालतो, पुदिना बशीत काढून ठेवतो आणि विचारतो, "बाबा, साधा ज्यूस नाहीये का?"

मूळची, रमची माई ताई ट्रेडर व्हिक, म्हणजे व्हिक्टर बर्जरॉन, यांनी १९४४ साली इथेच, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये बसवली. हे मी मुलाला दोनदा सांगितलं आहे.

मला टिकीचं, म्हणजे बेटांचा देखावा उभा करणाऱ्या या अमेरिकी बारच्या शैलीचं, वेड लागलं ते पावसामुळे. नवा नवा कॅलिफोर्नियात आलो होतो. जून उलटत आला तरी आभाळ कोरडं. इथे उन्हाळ्यात पाऊस नसतोच, हे पचत नव्हतं. एका मित्राने सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलातल्या टोंगा रूम या टिकी बारमध्ये नेलं. १९२९ च्या पोहण्याच्या तलावाचं १९४५ मध्ये तिथे तळं केलंय, वादक तराफ्यावर बसून वाजवतात. मध्येच गडगडलं आणि तळ्यावर सरी कोसळल्या. नळातून पडणारा पाऊस तो, पण मी ग्लास खाली ठेवून बघत राहिलो.

तसा पाऊस त्यांनाही दिसावा म्हणून मुलांना डिस्नेलँडच्या टिकी रूममध्ये नेलं. १९६३ पासून तिथे यंत्रांचे पक्षी गातात, फुलं गातात, शेवटी वादळ होतं आणि खिडक्यांबाहेर पाऊस पडतो. पाऊस सुरू होताच मुलगा मोठ्याने म्हणाला, "पाइप कुठेय?" बाहेर आल्यावर त्याला फक्त अननसाचं आइस्क्रीम आठवलं. गाडीत मार्टिन डेनीची १९५७ ची 'एक्झॉटिका' ही टिकी संगीताची तबकडी लावली की दोघंही कानात बोळे घालतात. त्यातले पक्ष्यांचे आवाज वादक स्वतःच्या तोंडाने काढतात, हे ऐकून घ्यायचीही तयारी नाही.

मुलगी चौदाची. तिचा मुद्दा मला जास्त लागला. ती म्हणाली, "माओरी लोकांच्या कथांत टिकी हा पहिला माणूस. तिथल्या कोरीव मूर्ती त्यांच्या पूर्वजांच्या असतात. आणि हॉलिवूडच्या बारवाल्यांनी त्यांचे पेले केले. गणपतीच्या आकाराच्या मगात कुणी रम दिली तर आजी काय म्हणेल?"

आजी काय म्हणेल ते मला नेमकं माहीत आहे. मुलीचं बरोबरच आहे. बांबूच्या भिंती, माशांचे दिवे, कृत्रिम पाऊस हे सगळं अमेरिकेत रचलेलं आहे. त्या रचणाऱ्यांचं कौतुक करावं, पण मूर्ती ज्यांची आहे त्यांचं नाव आधी घ्यावं, हे मी मान्य केलं. घरातले चेहऱ्याचे मग मी त्याच रात्री फडताळात वर ठेवून दिले. आता माई ताई साध्या काचेच्या पेल्यात करतो.

तक्रार एवढीच की त्यातला एक मग तिने दुसऱ्या दिवशी उतरवून घेतला आणि त्यात पेनं ठेवली. पूर्वज आहेत तर पेनं कशी चालतात, असं विचारलं. "त्याला छान वाटत असेल," म्हणाली. पेनं अजून त्यातच आहेत.