सर्वेअर साहेबांस, उभ्या गाडीच्या चालकाकडून

सर्वेअर साहेब,



परवा आपण सोलापुरात होटगी रोडवर येऊन माझ्या गाडीची पाहणी केलीत. बंपर लोंबतोय, उजवा हेडलाइट फुटलाय, फेंडर आत गेलाय, हे सगळं मोबाइलमध्ये टिपून झाल्यावर आपण मला विचारलंत, “काका, चक्कर वगैरे आली होती का ओ?”

आली ना, साहेब. आपला प्रश्न ऐकल्यावर आली.

घटना पुन्हा सांगतो, कारण आपल्या फॉर्ममध्ये ती मावली नाही. गाडी औषधाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला, हँडब्रेक ओढून, कुलूप लावून उभी होती. मी आत रक्तदाबाच्या गोळ्या घेत होतो. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या. ट्रॅक्टर वळला, पहिली ट्रॉली वळली, दुसरीचा विचार वेगळा होता. माझ्या गाडीचं नाक खरवडून ती पुढे गेली. तिला रिफ्लेक्टर नव्हता, नंबर दिसत नव्हता. विमा होता की नाही ते त्या उसालाच ठाऊक. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंच नाही, गाणी मोठ्याने लावली होती.

“ड्रायव्हर कोण होता?” आपण विचारलंत.

“कोणी नव्हतं.”

“रकाना मोकळा ठेवता येत नाही, काका.”

आणि आपण लिहिलंत: ‘स्वतः. वय 74.’ अशा रीतीने दुकानात उभा असलेला मी रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचा चालक झालो. मग लायसन्स मागितलंत. दिलं. पंचावन्न ओलांडलेल्या माणसाला ते पाचच वर्षांसाठी मिळतं, डॉक्टरच्या सहीचा फॉर्म 1 ए जोडून. तेही सगळं जागेवर आहे म्हटल्यावर आपण प्रेमाने म्हणालात, “आता मुलाला चालवू द्या की.” मुलगा पुण्यात असतो, साहेब. एक्स्प्रेसवेवर तो ई-चलान गोळा करतो. त्याला कोणी विचारत नाही, तुला चक्कर येते का.

गाडी उभी होती हो! उभी! उसाच्या ट्रॉलीला डोळे नाहीत, ब्रेक नाही, मागे लाल दिवा नाही, आणि संशयित कोण, तर गोळ्या घेणारा म्हातारा!

असो. रक्तदाब वाढतो.

माझं वय हप्त्यात तरी धरता का, ते आधी पाहू. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार इंजिनाच्या सीसीवर ठरवतं. 1000 ते 1500 सीसीला 1 जून 2022 पासून 3,416 रुपये. मुलाची गाडी त्याच मापाची, म्हणून दोघांना दर तोच. म्हातारा म्हणून मला जास्त पडत नाही, हे कबूल. पण आठवड्यातून एकदा दवाखाना, एकदा सिद्धेश्वराचं दर्शन आणि लग्नसराईत मंगळवेढा एवढीच गाडी चालवतो म्हणून कमीही पडत नाही. या हप्त्यात माझं वय कुठेच नाही, ते फक्त आपल्या संशयात आहे.

जुन्यांची कदर तुमच्या धंद्याला मुळीच नाही असं नाही. 2002 च्या मोटार टॅरिफमध्ये 31 डिसेंबर 1940 पूर्वीच्या, व्हिंटेज क्लबने प्रमाणित केलेल्या गाडीला ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात 25 टक्के सूट होती. माझा जन्म 1951 चा. थोडक्यात हुकलो. शिवाय माझ्याकडे क्लबचं सर्टिफिकेट नाही आणि मी मोटार नाही.

आता हिशेबाकडे येऊ. मी आयुष्यभर हिशेबच केले आहेत, आणि तुमच्या कंपनीला वाटतं की या वयात ते जमत नाहीत.

बिल 18,000. त्यात बंपर 4,800, हेडलाइट 5,200, फेंडर 2,400. प्लॅस्टिकला 50 टक्के घसारा, मग गाडी कालची असो की दहा वर्षांची. दहा वर्षांपुढच्या पत्र्यालाही 50 टक्के. काचेला घसारा नाही. ट्रॉलीने नेमकी काच सोडली. सुट्या भागांचे 6,200 गेले. रंगकामाचे 4,000, त्यातला चौथा हिस्सा रंगाचा धरून त्याचे निम्मे, म्हणजे 500 गेले. मजुरीचे 1,600 तेवढे पूर्ण. वर सक्तीचे 1,000 माझ्या पदरचे. हातात येणार 10,300.

वाईट नाही, असं मीही म्हटलं. मग नो क्लेम बोनस आठवला, क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट. तो माझा 50 टक्के, वरची पायरी. तुमचा बोनस म्हणजे कपाटातली पैठणी: एकदा नेसली की घडी मोडली. क्लेम घेतला की बोनस शून्य, आणि मग दरवर्षी एकेक पायरी: 20, 25, 35, 45, पुन्हा 50. माझा ओन डॅमेजचा मूळ हप्ता 6,600 धरला, तर या चढणीत मी 8,250 रुपये जादा भरणार. त्यावर 18 टक्के जीएसटी. एकूण 9,735.

दहा हजार तीनशे वजा नऊ हजार सातशे पस्तीस. पाचशे पासष्ट रुपये, सर्वेअर साहेब! एवढी वर्षं हप्ते भरून विम्याने मला दिलेलं एकूण संरक्षण 565 रुपये. आणि बोनस पुन्हा 50 वर जाईल तेव्हा मी ऐंशीच्या दारात असेन.

घसारा माफ करणारं झीरो डेप घ्यायचं होतं, असं कंपनीचा फोनवाला म्हणाला. बहुतेक कंपन्या ते पाच-सात वर्षांपर्यंतच्याच गाडीला देतात; माझी 2014 ची. मुलगा म्हणतो, नुसतं थर्ड पार्टी घ्या. घेतलं असतं, तर ट्रॉलीचे अठराच्या अठरा हजार माझ्या पेन्शनमधून गेले असते. जितकी चालवाल तितका हप्ता, अशा अ‍ॅड-ऑनला विमा नियामक प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये परवानगी दिली. माझ्यासारख्यासाठीच ती सोय, पण एकाही रिन्युअलला मला कोणी तिच्याबद्दल चकार शब्द सांगितला नाही. आणि आरोग्य विम्यात ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला, असं याच प्राधिकरणाने जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांना बजावलं. म्हणजे म्हातारी माणसं असतात, हे प्राधिकरणाच्या हैदराबादच्या कचेरीला माहीत आहे. फक्त ती गाडीही चालवतात, ही बातमी अजून पोचायची आहे.

एवढं सगळं आपल्यावर ओतायचं ठरवूनच मी लिहायला बसलो होतो. पण जाताना हेल्मेट घालता घालता आपण हळूच म्हणालात, “काका, खरं सांगू? क्लेम करू नका. आमच्या अण्णांनाही मी हेच सांगितलं.” अण्णा मोहोळला असतात, म्हणालात. त्यांनी गाडी विकून टाकली.

तेव्हापासून मला आपल्यावर नीट रागावता येत नाही. उन्हात स्वतःच्या मोटारसायकलवर हिंडून आपण पाहणी करता, पैसे पाहणीमागे मिळतात. घसाऱ्याचं ते कोष्टक आपण केलेलं नाही. रकानाही आपण छापलेला नाही. तरी खरं काय ते सांगणारा अख्ख्या कंपनीच्या वतीने आलेला माणूस एकच निघाला, आणि त्यालाही ते कुजबुजून सांगावं लागलं. ज्या विम्याची पाहणी करून मुलाचं घर चालतं, तो विमा वापरू नका असं त्याने बापाला सांगायचं! बाळा, याची लाज तुला वाटायचं काही कारण नाही. ज्यांना वाटायला हवी ते होटगी रोडला येत नाहीत.

म्हणून एवढं वर कळव. फॉर्ममध्ये चालकाच्या रकान्यात ‘कोणी नाही’ असं लिहायची सोय करा. वय विचारता, तसं वर्षाला किती किलोमीटर होतात तेही विचारा, आणि हप्ता त्यावर लावा.

क्लेम मी मागे घेत नाही. मला माझे 565 रुपये पाहिजेत. कंपनीने खळखळ केली तर आधी लेखी तक्रार करीन, महिनाभर वाट पाहीन, आणि मग विमा लोकपालांकडे जाईन. तिथे फी लागत नाही, कार्यालय पुण्यात आहे, आणि पुण्यापर्यंत गाडी मीच चालवणार आहे.

आपला,
चालक (स्वतः)