आहेर-परिभ्रमण-मीमांसा

विवाहादि मंगलप्रसंगी ग्रहीत्याच्या मानास अनुसरून, परंतु दात्याच्या कपाटातील शिल्लक साठ्यास स्मरून, जे वस्त्र समर्पिले जाते त्यास आहेर म्हणावे. ही व्याख्या केदारखेडा (ता. भोकरदन) येथील विवाहमंडपांस लागू केली असता निरपवाद ठरते.

मुळात हा विषय राजकुलीन स्त्रियांचा. चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरास विणकर वसविले. राजपाहुण्यांस द्यावयाची लुगडी-पागोटी तेथेच विणली जात, असे परंपरा सांगते. इंग्लंडात ट्यूडर दरबारी १ जानेवारीस सरदारस्त्रिया राणी एलिझाबेथला सोन्याची नाणी वा भरजरी वस्त्रे अर्पित. परतीचा आहेर म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची भांडी दर्जानुसार तोलून मिळत, आणि देणे-घेणे दोन्ही लांबलचक गुंडाळ्यांवर नोंदले जाई. केदारखेड्यात हे कार्य पुठ्ठ्याची वही करते. त्याच दरबारी, त्यापूर्वी १५३२ साली, राजा आठव्या हेन्रीने राणी कॅथरिनचा सोन्याचा पेला नाकारला आणि प्रेयसी ॲन बोलीनची भेट ठेवून घेतली. ही प्रत्याख्यान-शाखा आपल्याकडे विहीणबाईंच्या रुसव्यात विलीन झाली असल्याने तिचा पृथक विचार करीत नाही.

आहेर चतुर्विध आहे.

१. स्थिर : जो प्रत्यक्ष नेसला जातो. विरळ.

२. शिरोधार्य : टोपी-टॉवेल. पैकी टोपीचे आयुष्य छायाचित्रापुरते, टॉवेल दीर्घायुषी.

३. द्रव्यरूप : पाकीट. शंभर ही रक्कम होय, एकशे एक हा आहेर होय. त्या एका रुपयाच्या तात्त्विक अधिष्ठानावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा.

४. परिभ्रमणशील : सदर शास्त्राचा खरा विषय. याचे आद्यसूत्र दुकानदाराच्या मुखातून प्रकटते : ‘नेसायची का द्यायची?’ या प्रश्नासरशी साडीची नियती निश्चित होते. द्यावयाच्या साडीस फॉल-पिको नाही, धुणे नाही, ऊन नाही. ती एका कपाटातून दुसऱ्या कपाटात संक्रमण करते. प्रत्येक मुक्कामी ‘राहू द्या, कुणाच्या तरी कामी येईल’ हा मंत्र उच्चारून तिला पुढील लग्नसराईपर्यंत समाधिस्थ करतात.

येथे दोन संप्रदाय संभवतात. घडीवाद्यांच्या मते घडी अक्षत असेतो साडी नवीच. ती उलगडून पाहणे हा आप्तसंबंधांवरील अविश्वास होय. चिठ्ठीवादी आतल्या पदरास दात्याच्या नावाची चिठ्ठी टाचणीने लावतात, जेणेकरून साडी मूळ घरी परतू नये. प्रस्तुत लेखकाचा कल चिठ्ठीवादाकडे आहे. तथापि चिठ्ठी काढण्याचे विस्मरण झाल्यास मावळणीचे नाव मावशीच्या हाती पडते, हा आक्षेप गंभीर आहे.

चिठ्ठी गळून साडी मूळ दात्रीकडेच आल्यास त्या अवस्थेस पूर्णावर्तन म्हणतात. दात्री काठ तत्क्षणी ओळखते, परंतु तिने ‘रंग बाई किती छान!’ एवढेच उद्गारावे, असा दंडक आहे. पुढे वहीत ही साडी आलेल्यांत धरावी की परत मिळालेल्यांत, यावर जावाजावांत एकमत नाही. थोरल्या जावेच्या मते अशा साडीचे ऋण उरत नाही. धाकटीचे प्रतिपादन असे की ऋण दुप्पट होते, कारण आता एक नवी साडी घेणे आले, आणि तीही नेसायचीच.