टिंबसाहेब

आमच्या छापखान्याचा एफटीपी सर्व्हर सांभाळणाऱ्या साहेबांना माघारी सगळे 'टिंबसाहेब' म्हणतात. लिनक्सवर फाइलच्या नावाआधी टिंब दिलं की ती यादीत दिसत नाही, हे कळलं त्या दिवसापासून ते निश्चिंत झाले. दरपत्रकाला टिंब, पगाराच्या तक्त्याला टिंब. पासवर्डांच्या फाइलीचं नाव 'पासवर्ड'च, फक्त आधी टिंब. दिसतच नाही, तर वेगळं नाव शोधायचं कशाला?

मुळात स्वभावच झाकण्याचा. डबा खातात तो झाकण आडवं धरून. भाजी कोणती ते वासावरून अख्ख्या मजल्याला कळलेलं असतं. रजेच्या अर्जात कारण 'वैयक्तिक', आणि परत येतात ते मुंडण करून, तिरुपतीचे लाडू वाटत.

अभय भूषण यांनी १९७१ साली एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला, तो फाइली एकमेकांना देता याव्यात म्हणून. साहेब एफटीपी वापरतात तो न देण्यासाठी. आमच्याकडच्या व्हीएसएफटीपीडी या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये टिंबवाल्या फाइली यादीत दाखवणारा 'फोर्स डॉट फाइल्स' हा पर्याय मुळातच 'नो' असतो. तरी साहेब रोज सकाळी तो उघडून खात्री करतात.

मग डीटीपीला एक नवा पोरगा आला. त्यानं फाइलझिला या एफटीपी प्रोग्रॅमच्या 'सर्व्हर' मेनूत जाऊन लपलेल्या फाइली दाखवण्याच्या पर्यायावर खूण केली आणि दुपारी साहेबांच्या टेबलाशी येऊन अदबीनं म्हणाला, "साहेब, पगाराच्या तक्त्यात माझं आडनाव चुकलंय."

साहेबांनी दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत व्हीएसएफटीपीडीच्या 'हाइड फाइल' या पर्यायात सगळी नावं भरली. आता यादी कशीही मागा, फाइली दिसेनात. पण नाव ठाऊक असलं तर त्या खुशाल उतरवता येतात, हे त्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय. दुसऱ्या दिवशी पोरानं पासवर्डांची फाइल उतरवून दाखवली.

"नाव कुणी सांगितलं तुला?"

"साहेब, तुम्ही दुसरं काय ठेवणार?"

पोरानं वर इतिहासही ऐकवला. युनिक्सवाले रॉब पाइक यांनी २०१२ साली सांगितलं होतं, की यादीतून फक्त एक टिंब आणि दोन टिंबं या नावांच्या दोन नोंदी गाळायच्या होत्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं सोपं पडतं म्हणून पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं, आणि टिंबानं सुरू होणारं सगळंच गायब झालं. साहेब प्रसन्न झाले. "बघ! काही न करतासुद्धा केवढी सुरक्षा!"

"साहेब, परवानग्या बदला. दुसऱ्या कुणाला ती वाचताच येऊ नये."

"पण मग दिसेल की."

"दिसू दे. उघडणार नाही."

"अरे, दिसली म्हणजे गेलीच!"

प्रकरण मालकांपर्यंत गेलं. मालकांनी पोराची बाजू घेतली. परवानग्या बदलल्या, टिंब उतरलं. आता पगाराचा तक्ता सगळ्यांना दिसतो आणि कुणालाच उघडत नाही. साहेबांची मात्र झोप उडाली आहे. काल त्यांनी मालकांना बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "तक्त्याचं नाव बदलून 'यात काही नाही' असं ठेवू का?"