ओ द्यायला हवी

सिनेमाची परीक्षणं लिहिणाऱ्यांनी आयुष्यात एकदा तरी पासलीला यावं, भाताची लावणी उरकलेली असावी, आणि पडवीत एखादा पिक्चर लावून गप्प बसावं. तीन तारे द्यायचे की साडेतीन, हा प्रश्नच उरत नाही. इथला प्रेक्षक तारे देत नाही, तोडतो.

आमची पासली वेल्ह्याच्या पुढं, केळदच्या वाटेवर. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीत चढून ‘एक राजगड’ म्हणालात तर कंडक्टर तुम्हाला ट्रेकर समजतो. पाऊस इथला घाटमाथ्याचा. तो पडून जात नाही, मुक्कामाला येतो आणि घरच्यांसारखा वागतो. एका वर्षी लावणीला पुण्याहून मी आणि डोंबिवलीहून चुलतभाऊ असे आम्ही दोघं हक्काचे बिनकामाचे मजूर आलो होतो. शेवटचं खाचर लावून झालं त्याच दिवशी वीज गेली. मोबाइलची रेंज आधीच गेलेली. तिसऱ्या दिवशी घरातल्या माणसांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघून जुनी भांडणं आठवायला सुरुवात केली, तेव्हा मी बॅग उघडली.

बॅगेत दिवाळीच्या बोनसातून घेतलेला हाताएवढा प्रोजेक्टर होता, चार्ज केलेला. लॅपटॉपही पूर्ण चार्ज. आणि लॅपटॉपात एकच पिक्चर, ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. 1968 सालचा, काळापांढरा, जॉर्ज रोमेरो नावाच्या माणसानं मित्रांकडून पैसे गोळा करून काढलेला. मेलेली माणसं उठतात, जिवंतांना खातात, आणि साथ गावोगाव पसरते. जगातल्या सगळ्या झॉम्बीपटांचा हा मूळपुरुष. गंमत म्हणजे सबंध पिक्चरमध्ये झॉम्बी हा शब्द एकदाही येत नाही.

“फुकट कसा काय घावला?” नानांनी पहिला प्रश्न विचारला. नाना म्हणजे आमचे थोरले चुलते. फुकटची वस्तू ते नेहमी उलटीसुलटी करून बघतात.

मी सांगितलं, की पिक्चरचं नाव ऐन वेळी बदललं, आणि नवीन नावाची पाटी करताना खाली हक्काची ओळ टाकायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकेच्या कायद्यानं, ओळ नाही तर हक्क नाही. पिक्चर सगळ्या जगाचा झाला.

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग खोल श्वास घेऊन म्हणाले, “म्हंजी सातबाऱ्यावर नाव चढवायचं ऱ्हायलं.”

पडवीतल्या प्रत्येकाला आपापला गट नंबर आठवला. रोमेरोबद्दल पासलीत जी सहानुभूती तयार झाली, ती पिक्चर सुरू व्हायच्या आधीची आहे.

पडदा म्हणून नानांचं धोतर लावलं. धोतराला मधोमध एक ठिगळ होतं, अर्ध्या भाकरीएवढं. ज्याच्या त्याच्या तोंडावर ते यायचं, त्यामुळं सुरुवातीला आत्याचा समज झाला, की रोग झालेल्यांच्या गालावर चट्टा उठतो. नायिकेच्या गालावरही तोच चट्टा दिसल्यावर तिनं ‘ही बी गेली’ असं जाहीर केलं आणि पान लावायला घेतलं. पिक्चर इंग्रजी, म्हणून भाषांतराला मी उभा. बाहेर पाऊस पत्र्यावर असा वाजत होता, की मूळ संवाद कुणालाच ऐकू येत नव्हते. त्यामुळं माझ्या भाषांतरात चूक काढायची सोय नव्हती, आणि मी त्याचा थोडा गैरफायदा घेतला.

पहिल्याच प्रसंगात बहीणभाऊ वडिलांच्या थडग्यावर फुलं ठेवायला येतात. लांबून एक उंच माणूस पाय ओढत, कमरेत कलून, हात लोंबकळत येताना दिसतो. जगभरच्या थेटरांत इथं माणसं खुर्चीचे हात धरतात. आमच्या पडवीत हशा पिकला.

“आरं, ह्यो तर लावणी करून आलाय!”

हे म्हणणारे शेजारचे तात्या सकाळी स्वतः असेच चालत गोठ्याकडं गेले होते. चार दिवस चिखलात कमरेतून वाकून रोप लावलेला माणूस पाचव्या दिवशी कसा चालतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला झॉम्बीची भीती दाखवून उपयोग नाही. तेच पाऊल, तीच मान, आणि तशीच कशाकडंही न बघणारी नजर. पुढं ती मेलेली माणसं घोळक्यानं शेतातून येऊ लागली तेव्हा आत्या ओळखी पटवत होती. “ही बघ, पार धाकल्या वैनीवाणी चालती.” धाकटी काकू चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. त्या रात्री चहा आत्यापर्यंत पोचेस्तोवर गार झाला.

साथीचं कारण काय, तर शुक्रावर गेलेलं यान परत येताना कसलीशी किरणं घेऊन आलं. शास्त्रज्ञ टीव्हीवर तसं सांगतात. यावर नानांचं मत तयार होतं. “शुक्राचा अस्त असला तर आपन लग्नंसुदिक धरत न्हाय. अन् ह्ये त्याला डिवचाया गेलं!” पन्नासहून जास्त वर्षं जगभरच्या समीक्षकांनी या पिक्चरवर लिहिलंय. पंचांगाच्या अंगानं कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

चुलतभाऊ डोंबिवलीचा. त्याला राहवेना. “आमच्या गावावर पिक्चर निघालाय, झोंबिवली. आदित्य सरपोतदारचा. अमेय वाघ, ललित प्रभाकर. 26 जानेवारी 2022 ला लागला, मी पहिल्याच आठवड्यात पाहिला. करोनामुळं निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती. पडद्यावर ही गर्दी अन् आपल्या शेजारची खुर्ची रिकामी! डोंबिवलीकराला खरी भीती त्या रिकाम्या खुर्चीची वाटली.”

“त्यात कशानं होतं?” आत्यानं विचारलं.

“बाटलीतल्या पाण्यानं.”

“इकत पानी पिल्यावर दुसरं काय व्हनार!”

मग मुद्दा आला भुताच्या जातीचा. आमच्याकडं भुतांचं खातं नीट लावलेलं आहे. मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, तो पिंपळावर. हडळीची पावलं उलटी. वेताळाची अमावस्येला मशालींसकट स्वारी निघते. चकवा घाटवाटेला गाठतो आणि रात्रभर तिथल्या तिथं फिरवतो. शिवाय तोरण्यावर ब्रह्मपिशाच्च असल्याचं ट्रेकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलीत, त्यामुळं आमचा डोंगर त्याही बाबतीत मोकळा नाही. या प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. कुणाला लग्न, कुणाला कोंबडं, कुणाला नुसती पान-सुपारी. दिलं की विषय मिटतो.

“ह्यास्नी काय पायजेल?” आत्यानं धोतराकडं बोट दाखवलं.

“माणसं खायला.”

“खाल्ल्यावर?”

“अजून माणसं.”

“मग उतारा काय टाकायचा?” ती विचारात पडली. दहा मिनिटांनी, बाकीचे नायकाला फळ्या ठोकताना बघत होते तेव्हा, तिचा निकाल लागला. “ह्ये भूत न्हाय. ज्याला विच्छा न्हाय त्ये भूत कसलं? ही साथ हाय साथ. लम्पीवाणी.”

या शब्दावर पडवी पहिल्यांदा गंभीर झाली. 2022 च्या पावसाळ्यात लम्पी महाराष्ट्रात पसरली तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले, न्यायालयानं नुकत्याच मोकळ्या केलेल्या बैलगाडा शर्यती पुन्हा थांबल्या. माश्या, डास, गोचीड चावून रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडं जायचा. लस दिली ती शेळ्यांच्या देवीची. अंगभर गाठी आलेला बैल दावणीला उभा असतो आणि माणूस निंबाचा धूर करत रात्र काढतो. त्या रात्रीला पार्श्वसंगीत नव्हतं, तरी ती अजून कुणी विसरलेलं नाही.

“एवढं मोठं शेतावरचं घर,” आत्या म्हणाली, “गोठा कुठाय?”

मी हा पिक्चर पाच वेळा पाहिलाय. गोठा कुठाय हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घरमालक वर मरून पडलाय, सातआठ माणसं जीव मुठीत धरून आत बसलीत, चर्चा चाललीय ती बंदुकीची आणि पेट्रोलची. जनावरांना वैरण कुणी टाकली, दावं कुणी सोडलं, याचा शब्द नाही. आत्याच्या लेखी पिक्चर तिथंच पडला. पुढं तिनं तो बघितला, पण पाहुण्यांचा मान राखावा तसा.

नानांचा मात्र जीव गुंतला होता, कारण पिक्चरमध्ये भाऊबंदकी सुरू झाली होती. नायक बेन म्हणतो, वर, तळमजल्यावरच फळ्या ठोकून लढू. कूपर नावाचा चिडका माणूस म्हणतो, तळघरात जाऊन दार लावून घेऊ. बाहेर मढी हिंडतायत आणि आत हे दोघं वर-खालच्या खोलीवरून हमरीतुमरीवर. मला भाषांतर करावंच लागलं नाही. सगळी पडवी बेनच्या बाजूची, एकटे नाना कूपरचे. “टकुरं गरम हाय, पन बोलतोय त्ये खरं. एक दार राखनं सोपं का धा खिडक्या?” टीव्हीवर आधी सांगतात घरातच थांबा, आणि थोड्या वेळानं सांगतात बाहेर पडून मदत केंद्रावर जा. त्यावर “हिथं बी तेच!” असा एकमुखी पुकारा झाला. करोनातल्या रोजच्या नव्या नियमांची उजळणी झाली, त्यात पेट्रोल पंपावर एक जोडपं गाडीसकट जळालं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

जळालेल्यांना मढी खातात तो प्रसंग आला तेव्हा पोरांनी डोळे झाकले. त्यांना धीर द्यावा म्हणून मी सांगून टाकलं, की ते भाजलेलं डुकराचं मांस आहे आणि रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. पिक्चर काळापांढरा असल्यानं कळत नाही. पोरांची भीती गेली आणि भूक लागली. “म्हंजी समदे चाकलेट खात्यात?” पुढचा सगळा पिक्चर त्यांनी मढ्यांच्या बाजूनं बघितला.

“खर्च किती आला?” तात्यांनी विचारलं.

“एक लाख चौदा हजार डॉलरच्या आसपास. तेव्हाच्या भावानं साडेआठ लाख रुपये.”

“ह्ये कमी व्हय?”

मग मी ‘कॉलिन’ची गोष्ट सांगितली. मार्क प्राइस नावाच्या ब्रिटिश माणसानं 2008 साली झॉम्बीचा अख्खा पिक्चर 45 पौंडांत काढला. पुढं तो कानच्या सिनेमाच्या जत्रेतही दाखवला. त्या वेळच्या हिशेबानं रुपये साधारण साडेतीन हजार. आणि त्या पैशात काय आलं, तर एक पहार, काही टेपा, आणि मंडळींना चहापाणी.

पडवीत शांतता पसरली. मग तात्या हळूच म्हणाले, “चिखलनीला ट्रॅक्टरवाला ह्याच्या वर मागतोय.” ट्रॅक्टरचा पिक्चर काढावा की पिक्चरवाल्याकडून चिखलणी करून घ्यावी, यावर दोन गट पडले.

शेवटी सगळे मरतात. कूपरची आजारी पोर आईलाच मारते. मढी आत घुसतात, आणि बेन ज्या तळघराला नावं ठेवत होता त्याच तळघरात लपून एकटा वाचतो. नाना उठून उभे राहिले. “म्हनलं व्हतं का न्हाय!” कूपरच्या वतीनं त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. सातबाऱ्याचा निकाल लागला असता तरी ते एवढे फुलले नसते.

ते बसेपर्यंत पडद्यावर सकाळ झाली होती. बंदूकवाले लोक मढी वेचत वेचत येतात. बेन आवाजानं वर येऊन खिडकीतून डोकावतो. लांबून त्यांना वाटतं, हेही मढंच. एक गोळी. संपलं.

यावर कुणी बोललं नाही. मी सांगितलं, की बेनचं काम करणारा ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय होता. पिक्चर विकायला रोमेरो गाडीनं न्यूयॉर्कला निघाला होता, तेव्हा वाटेत रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातल्याची बातमी आली. ती 4 एप्रिल 1968 ची रात्र. म्हणून लोक या शेवटात पुष्कळ काही बघतात.

“आसंल,” आत्या म्हणाली. “पन त्यानं ओ का न्हाय दिली? मढं काय बोलतं व्हय? ‘आरं मी हाय’ म्हनला असता तर वाचला असता.” आणि माझ्याकडं वळून, “तूबी तवा तसाच.”

तवा म्हणजे 24 मार्च 2020. रात्री बारापासून देश बंद, हे ऐकून मी धायरीहून मोटारसायकल काढली, नसरापूर, मार्गासनी, वेल्हं करत अंधारात गावाशी आलो. वाटेवर बाभळीच्या फांद्या आणि धोंडे टाकलेले. पलीकडं काठ्या घेतलेली पोरं, त्यात दोन माझे पुतणे. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला मास्क, त्यावर आत्यानंच दिलेला मफलर. थंडीनं आखडलेले पाय ओढत मी पुढं झालो. “कोन हाय?” पोरांनी हाक मारली. मी उत्तर दिलं, पण इतक्या कापडातून बाहेर जे आलं ते म्हणे नुसतं ‘उंऽऽ’ होतं. काठ्या वर झाल्या. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला, “थांबा रं. परत इचारा.” दुसऱ्यांदा विचारल्यावर मी मफलर सोडला. पुढचे चौदा दिवस शाळेच्या खोलीत काढले. आत्या कुंपणाबाहेर भाकरी ठेवायची, चार पावलं मागं सरायची आणि ओरडून विचारायची, “हायेस का?” मी आतून ओ दिली की मगच जायची.

पुण्याहून आलेला मी त्या वर्षी पासलीचा पहिला झॉम्बी होतो, हे मला पिक्चर दाखवताना कळलं.

प्रोजेक्टरची बॅटरी संपली, माणसं पांगली. ‘पोरं भितील’ म्हणून मी त्यांच्यात झोपलो. पोरं चॉकलेटच्या स्वप्नात घोरत होती. रात्री कधीतरी पडवीत आवाज झाला. फरफट. थांबणं. पुन्हा फरफट. दाराच्या फटीतून बघितलं तर अंधारात एक उंच आकृती, कमरेत कलून, एक हात लोंबकळत, हळूहळू माझ्याकडं.

“क… कोण?”

उत्तर नाही. रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं आमच्याकडं लहानपणापासून शिकवतात. समोरच्यानंही ते शिकलेलं असावं. आत्याची आठवण काढून मी दुसऱ्यांदा हाक मारली.

“आरं मी हाय,” नाना म्हणाले. “कंबार धरलीया. अन् माझं धोतार कुठं टांगलंस?”