भिशीत निघाला कोटणिसांचा विषय

अहो, ऐकलंत का? काल भिशीला तुम्ही नव्हतात, केवढी मजा हुकली तुमची! कोपऱ्यावरच्या वहिनी, मुलगा अमेरिकेत कार्डिऑलॉजिस्ट... त्याच हो. पोहे संपेस्तोवर त्याचा बंगला आणि स्विमिंग पूल. वर म्हणतात कशा, "सोलापुरातून एवढ्या लांब जाऊन नाव काढणारा डॉक्टर आमचाच पहिला." आमच्या मास्तरीणबाई इतका वेळ गप्प होत्या. चष्मा पुसत हळूच म्हणाल्या, "आणि कोटणीस?" असा चेहरा पडला वहिनींचा, की मलाच कसंतरी झालं. झालं म्हणजे, बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

सावरून म्हणतात, "ते होय, सिनेमातले?" घ्या! शांतारामबापूंनी १९४६ साली सिनेमा काढला, स्वतःच कोटणीस झाले, जयश्रीबाई चिनी बायको. लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. तर काय सांगत होते... हां, मग मास्तरीणबाई सुटल्याच.

१९३८ सालची गोष्ट. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष, जपाननं चीनवर चाल केलेली. इथून पाच डॉक्टर निघाले, त्यात जी. एस. मेडिकलमधून शिकलेला आपला द्वारकानाथ. तिशीसुद्धा गाठली नव्हती हो! तिकडे वडील गेल्याची बातमी कळली, तरी परतला नाही. आता यावर भिशीत दोन तट पडले. एक म्हणाली, असला कसला मुलगा. दुसरी म्हणाली, येऊन काय करणार होता, तिथे जखमींची रांग लागलेली. मला विचाराल तर दोघींचंही खरं. पण त्या आईनं दिवस कसे काढले असतील, ते कुणी बोललं नाही.

काम तरी किती! एका लढाईत म्हणे 72 तास डोळ्याला डोळा नाही, ऑपरेशनवर ऑपरेशन. भाषा शिकला, तिकडचा राळ्याचा भात गोड मानून खाल्ला. आपल्या वहिनींनी मध्येच विचारलं, "पॅकेज काय होतं?" कुणी हसलं नाही, पण एकमेकींकडे बघणं चाललं होतं...

आणि लग्न! अहो, जमलं कुठं माहितीये? समाधीपाशी! बेथ्यून म्हणून कॅनडाचे सर्जन होते, ऑपरेशन करताना बोट कापलं, रक्तात विष भिनून 1939 साली गेले. त्यांच्या समाधीच्या कार्यक्रमात ग्वो चिंगलान ही नर्स भेटली. 1941 साली लग्न झालं, त्याच वर्षी बेथ्यूनच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुखही झाले. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला, दोन्ही देशांची नावं जोडून यिनहुआ ठेवलं. आणि डिसेंबरात, 9 तारखेला, हा माणूस गेला. फिट्स यायच्या हो त्यांना. बत्तिसाव्या वर्षी! लेकाचं बाळसं तरी पाहायला मिळालं का पुरतं? साडेतीन महिने फक्त. बरोबरचे चौघे मागेपुढे घरी आले, हा तेवढा तिथलाच झाला.

पुतळे उभारले, दोन्ही देशांनी तिकिटं काढली, चीनचे मोठमोठे पुढारी मुंबईत येऊन कोटणिसांच्या घरच्यांना भेटले. सगळं मान्य. पण मी म्हणते, त्या बाईचं काय? तो मुलगा डॉक्टरकी शिकत होता, तोही 1967 साली गेला. पंचविशीही पुरी नव्हती. आणि ही 96 वर्षं जगली, 2012 पर्यंत. कितीदा भारतात आली, सासरच्यांना भेटली. नवरा नाही, मुलगा नाही, तरी सासर धरून ठेवलं. आमच्या इथे सख्खी सून पाडव्याला फोन करत नाही... जाऊ द्या, नाव नाही घेत, भिंतीला कान असतात.

तर शेवटी ठरलं, भैया चौकात त्यांचं स्मारक आहे ना, तिथं मंगळवारी सगळ्यांनी जायचं. मास्तरीणबाई गेल्या होत्या, बाकीच्या रोज बाजूनं जातो, आत कुणी नाही गेलेलं. सगळ्यात आधी हात कुणी वर केला असेल? वहिनींनी! म्हणाल्या, "माझी गाडी काढते." मास्तरीणबाईंच्या शेजारी बसायला मात्र तयार नाहीत हं. म्हणून तर म्हणते, मधल्या जागेवर तुम्ही बसा.