पत्रास कारण : पाचवं माणूस

लीड्स, 13 जुलै 2025

ती. आई-बाबांना सा. न.

आई, पार्सल काल पोचलं. सगळं शाबूत आहे, फक्त मेतकुटाच्या पुडीला चीर गेल्यामुळे भाजणी, कुळथाचं पीठ आणि ओमचा नवा शर्ट या तिघांनाही मेतकुटाचा वास लागलाय. ओम तोच शर्ट घालून झोपला. चटणीच्या बरणीभोवतीचा पेपर मी इस्त्रीच्या टेबलावर सरळ करून अथपासून इतिपर्यंत वाचला, कोयनेच्या पाणीसाठ्यापासून श्रद्धांजलीपर्यंत. पुढच्या वेळी मात्र पान बघून गुंडाळ. निविदा सूचना वाचून माहेरची आठवण काढणं फार अवघड जातं.

आता तुझ्या फोनबद्दल. टीव्हीवर उष्णतेच्या लाटेची बातमी बघून तू आमच्या पहाटे तीनला फोन केलास आणि विचारलंस काय, तर "झोपली होतीस का?" आम्ही बरे आहोत. तीस डिग्रीला साताऱ्यात कुणी वर मान करून बघत नाही, पण इथली घरं थंडी बाहेर ठेवायला बांधलेली. आत शिरलेली गरमी मुक्कामाला राहते, आणि छताला पंखा नाही. त्यात शुक्रवारपासून पाइपने बागेला पाणी घालायला बंदी आलीय, मोडली तर हजार पौंडांपर्यंत दंड. सासूबाई तांदूळ धुतलेलं पाणी तांब्याने गुलाबाला घालतात. शेजारचे आजोबा कुंपणावरून रोज बघतात. तांब्याबद्दल नियमात काही सापडलं नसावं.

बाबा, आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात प्रतापगड आहे, हे सगळं कबूल. पण अभिनंदनाचे फोन तुम्ही घेताय हे दादाकडून कळलं. पेढे कुणाच्या पैशाने वाटले हेही कळलं.

(कुकरची शिट्टी झाली. आलेच.)

तर लंडन. मुलांची शाळा सुटली की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जायचं ठरतंय. सासूबाई सप्टेंबरात परत जाणार. इंग्लंडला चार महिने राहून लंडन न बघता गेल्या तर डोंबिवलीच्या भिशीत तोंड कसं दाखवणार, हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला नाही, माझ्या नणंदेकडून विचारवला.

जाण्यायेण्याचं सोपं आहे. इथे रेल्वेचं कुटुंबासाठी सवलतीचं कार्ड मिळतं, 35 पौंडांचं. चार मोठे आणि चार मुलं एकत्र जाऊ शकतात. मोठ्यांना एक तृतीयांश सवलत, मुलांना साठ टक्के. त्यात सासूबाई अलगद बसल्या. लीड्सहून गाडी सव्वादोन तासांच्या आसपास किंग्ज क्रॉसला पोचते. म्हणजे रेल्वेच्या हिशेबी आम्ही पाच माणसांचं एक कुटुंब.

हॉटेलवाल्यांच्या हिशेबी नाही. इथल्या स्वस्त हॉटेलांत 'फॅमिली रूम' म्हणजे दोन मोठे आणि दोन मुलं. संपलं. संगणकावर तीन मोठे म्हटलं की खोली गायब होते. मी फोन केला. म्हटलं, माझ्या सासूबाई आहेत, पासष्ट वर्षांच्या, शिडशिडीत, त्यांना पलंगसुद्धा नको, खाली सतरंजी घालून झोपतील. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, आगीच्या नियमांमुळे एका खोलीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. मी विचारलं, आग लागली तर ही बाई सगळ्यांच्या आधी बाहेर पडेल, तीस वर्षं लोकलमधून उतरलीय, तरी नाही? तरी नाही. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर पाळणा फुकट देऊ, म्हणाली. सासूबाई इकडून म्हणाल्या, "सांग, घोरत नाही म्हणून."

दादाच्या लग्नात आपल्या हॉलमध्ये किती माणसं झोपली होती ते आठवा. चिंचणीकर काका तर जिन्यात, पायरीला उशी लावून. त्या घराला आगीचे नियम लावले असते तर वऱ्हाड मोती चौकात झोपलं असतं. आणि इथे चार भिंती, कार्पेट, चहाची किटली, दोन बिस्किटं एवढं सगळं असून एका सतरंजीला जागा नाही! पाचवं माणूस म्हणजे दुसरी खोली, म्हणजे दुप्पट पैसे. किंग्ज क्रॉसजवळ दोन खोल्या मिळून रात्रीचे 315 पौंड. सासूबाईंनी लगेच 116 ने गुणलं. छत्तीस हजार पाचशे चाळीस रुपये, एका रात्रीचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत गुणलं. मग म्हणाल्या, "एवढ्यात आमचं शिमला-कुलू-मनाली झालं होतं. जेवणासकट."

तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत.

सासूबाईंचा पक्ष हॅरोचा. हॅरो वायव्येला, भाड्याच्या हिशेबात झोन पाच. तिथे दोन खोल्या 165 पौंडांत. गुजराती वस्ती, भाजी मिळते, ढोकळा मिळतो. "मी डोंबिवलीत राहून फोर्टात नोकरी केली. फोर्टात राहायला गेले असते तर मंदार शिकला असता का?" यावर मंदारने मान हलवली. तो दोन्ही पक्षांत मान हलवतो.

माझा पक्ष किंग्ज क्रॉसचा, आणि बाबा, तुमचा फोनवरचा निरोप मी पक्षाचा जाहीरनामा म्हणून वापरलाय : "मनू, बदलापूर करू नका." मंदारला अर्थ विचारायचा होता. मी त्याला, बदलापुरात उतरून मुंबई बघितली तेव्हा राणीच्या बागेतल्या पाणघोड्याची फक्त पाठ दिसली होती, एवढंच सांगितलं.

आई, तू सुचवलंस ते मी विसरले नाही. सुनंदामावशीच्या जावेचा भाचा हाउन्स्लोला राहतो, मोठं घर आहे. घर मोठं आहे, न्हाणीघर एक आहे. शिवाय हीथ्रोला उतरणारी विमानं तिथल्या गच्च्यांवरून इतकी खाली जातात की ओम रात्रभर खिडकीतून त्यांना हात करत बसेल. आणि फुकट राहायचं म्हणजे रिकाम्या हाती जाता येत नाही. तुझी भाजणी त्यांना द्यावी लागेल. ते मी करणार नाही. शिवाय नाताळात ते सगळे लीड्सला येतील, सहा माणसं, आणि आमच्याकडे मात्र सतरंजीवर बंदी नाही.

वेंब्लीचा विचार एका संध्याकाळपुरता झाला. 2 आणि 3 ऑगस्टला तिथल्या स्टेडियमवर ओएसिसचे कार्यक्रम आहेत, त्यामुळे परवा परवडणारी खोली काल तिप्पट झाली. दादाला सांग, जानेवारीत कोल्डप्लेच्या वेळी नेरूळला जे झालं तेच, फक्त रिक्षावाले कमी. सासूबाईंनी महाराष्ट्र मंडळाचाही विषय काढला : 1932 पासून मंडळ आहे, डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे, मग पाच माणसांची सोय होणार नाही? मी त्यांना म्हटलं, "आई, ते मंडळ आहे, भक्त निवास नाही."

मग काल ओम झोपल्यावर कागद-पेन घेऊन बसले. झोन पाचमधून दिवसभर हिंडलं तर एका मोठ्या माणसाचे जास्तीत जास्त 15 पौंड 30 पेन्स कापले जातात, मधल्या दोन झोनांतच फिरलं तर 8 पौंड 90. तिघांचा फरक दिवसाला 19 पौंड 20. ओमला ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, फुकट, कारण अकराच्या आतली मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात. ईराला जूनमध्ये अकरावं पूर्ण झालं. तू धाडलेल्या साजूक तुपाच्या शिऱ्याच्या कृतीने आम्ही तो वाढदिवस एवढा थाटात केला, आणि तोच आता महागात पडणार. तिच्यासाठी स्टेशनवर जाऊन कार्डावर अर्ध्या भाड्याची सवलत चढवून घ्यावी लागते. ईरा म्हणते, मी दहाचीच आहे म्हणून सांगू. सासूबाई म्हणतात, सांग. मी म्हटलं, ही पोरगी माझ्या खांद्याला लागतेय.

पैशाची बाजू अशी. पण पैशात न मोजता येणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दुपारचे तीन. ओम तीनला कोसळतो. सासूबाई मान्य करत नाहीत, पण त्यांचा उजवा गुडघाही तीनलाच कोसळतो. "लोकलला गुडघे लागत नाहीत, खांदे लागतात," असं त्या म्हणतात खऱ्या, पण लंडनच्या भुयारी स्टेशनांपैकी फक्त एक तृतीयांशांच्या आसपास ठिकाणी रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी न चढता जाता येतं. तीनला हॅरोला परत जायचं म्हणजे दिवस संपला. किंग्ज क्रॉसला परत यायचं म्हणजे चहा, तासभर आडवं होणं, आणि सहाला परत बाहेर. ऑगस्टात तिथे आठपर्यंत लख्ख उजेड असतो. हे मला हॅरोत रोज खोल्यांवर वाचणाऱ्या 150 पौंडांपेक्षा जास्त किमतीचं वाटतं.

मंदारने शेवटी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच कामाचं बोलला : पाच रात्री हॅरो करण्यापेक्षा तीन रात्री किंग्ज क्रॉस करू. हॅरोच्या पाच रात्रींचे 825, वर जास्तीचं भाडं 96, एकूण 921. किंग्ज क्रॉसच्या तीन रात्रींचे 945. फरक चोवीस पौंड. सासूबाईंनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला, म्हणाल्या, "आणि दोन दिवस कमी." मग ईराने नकाशा काढून दाखवला की ब्रिटिश म्युझियम चालत आहे आणि फुकट आहे, डायनासोरचं आणि विज्ञानाचं म्युझियम एकमेकांना लागून आहेत आणि तीही फुकट आहेत, आणि बसला कुठेही जा, पावणेदोन पौंड, तासाभरात बस बदलली तरी तेवढेच. 'फुकट' हा शब्द इतक्या वेळा आल्यावर विरोधी पक्ष सभात्याग करून वाटाणे सोलायला गेला. मी ही संमती धरलीय.

दादाला सांग, किंग हेन्रीज रोडवरच्या 10 नंबरच्या घरी नक्की जाणार. बाबासाहेब शिकताना तिथे राहत होते, 2015 मध्ये आपल्या सरकारने ते घेतलं, हे ईरा शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिणार आहे. आणि बाबा, वाघनखं बघून या म्हणालात. अहो, ती गेल्या जुलैपासून तीन वर्षांसाठी तिकडेच, महाराष्ट्रात आहेत! साताऱ्याच्या संग्रहालयात रांगेत उभे राहून तुम्हीच मला फोटो पाठवला होता, त्यात रांगच जास्त होती. "मग त्यांच्या जागी काय ठेवलंय ते बघून ये," हे तुमचं उत्तर मी जपून ठेवलंय.

वहिनीच्या ओट्याला काळा ग्रॅनाइट घेऊ नका, पिठाचं बोट दिसतं. बंड्याने मोठी गाडी घेतली ते ठीक, पण ती तुमच्या बोळात वळणार कुठे? सुनंदामावशीने त्या शिरवळच्या स्थळाला पत्रिका जुळत नाही म्हणून नकार दिला हे मी मान्य करत नाही. मुलाने तिच्या सोफ्यावर पाय वर घेतले होते, ते कारण आहे. आई, बीपीची गोळी जेवणानंतर घे, बाबांना वाटलं की नाही.

एक राहिलं. दोन खोल्या घेतल्यावर दुसरीत सासूबाई आणि ईरा. हॉटेलच्या नियमाप्रमाणे त्या खोलीत आणखी एका मोठ्या माणसाला जागा आहे, पैसे भरलेलेच आहेत. आई, तुझा पासपोर्ट कपाटात वरच्या खणात, बाबांच्या एलआयसीच्या फायलीखाली आहे, मला जागा पाठ आहे. ऑगस्टला काही जमणार नाही, व्हिसाच महिना खाईल, हे मला कळतं. तरी काल बुकिंग करताना माणसं किती, या रकान्यात मी आधी सहा घातलं होतं. मग मंदारने काही न बोलता पाच केलं.

सासूबाईंचा विहीणबाईंना नमस्कार. त्या म्हणतात, पुढच्या वेळी मेतकूट डब्यात घाला, पुडीत नको. आणि थोडं जास्त घाला.

तुमची,
मनू

ता. क. : पत्र पाकिटात घालताना हॉटेलची मेल आली. न्याहारी धरलेली नाही. मोठ्यांना माणशी 12 पौंड. सासूबाईंनी 116 ने गुणायला घेतलंय. दशम्यांचं पीठ किती मुरवायचं ते दादाच्या फोनवरून आजच कळव.