दुरुस्ती कंपनीत, बिघाड तिरोड्यात

धानविक्रीच्या नोंदणीचे दिवस आले की तिरोडा तालुक्यातल्या सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. हातात सातबारा, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स. मध्येच आतून आवाज येतो, "नेट गेला भाऊ, थांबा." केंद्रचालक उठतो, राऊटर बंद करतो, जरा थांबून चालू करतो. दिवे लागतात, रांग सरकते. दुपारी पुन्हा तेच.

या बंद-चालूला आपण सगळ्यांनी दुरुस्ती मानून टाकलं आहे. ती दुरुस्ती नव्हे. राऊटर हा छोटा संगणकच असतो आणि त्याच्या पोटात फर्मवेअर नावाचं सॉफ्टवेअर चालतं. त्यातला एखादा भाग काम झाल्यावर घेतलेली मेमरी मोकळी करत नसेल, तर जागा भरत जाते आणि शेवटी राऊटर अडकतो. बंद केला की मेमरी रिकामी होते, चूक मात्र जिथल्या तिथे राहते. ती नव्या फर्मवेअरनेच जाते. संतापाची गोष्ट ही, की ते फर्मवेअर अनेकदा तयार असतं.

सिस्को, ज्युनिपरसारख्या कंपन्या मोठ्या राऊटरांच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत याद्या काढतात. कोणते दोष काढले, कोणते अजून शिल्लक आहेत, माहितीपुस्तिकेत काय चुकीचं होतं आणि बरोबर काय. एकेका दोषाला स्वतंत्र क्रमांक. आपल्याच मालातली खोट अशी क्रमांक टाकून जाहीर करायला धैर्य लागतं, आणि मला या पद्धतीबद्दल मनापासून आदर आहे. पुस्तिकेतल्या दुरुस्त्यांना तर कुणीच दुय्यम समजू नये. आज्ञा चुकीची छापली असेल, तर चांगलं चालणारं यंत्रही माणूस पुस्तक उघडून, प्रामाणिकपणे, बिघडवतो.

पण या याद्या वाचतो कोण? मोठ्या संस्थांमधले नेटवर्क अभियंते. हजार-दोन हजारांच्या घरगुती राऊटरला पुष्कळदा 'काही सुधारणा केल्या' एवढ्या एका ओळीवर भागवतात. तीही इंग्रजीत, आणि ती कुठे शोधायची हे गिऱ्हाइकाला कुणी सांगितलेलं नसतं.

यातून काय होतं, याचा पुरावा जुना आहे. रॉमपेजर नावाचा एक छोटा वेब सर्व्हर असंख्य स्वस्त राऊटरांत बसवलेला असे. त्यातला एक गंभीर दोष तो लिहिणाऱ्या कंपनीने 2005 मध्येच काढून टाकला होता. डिसेंबर 2014 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा जगभरातली सुमारे 1 कोटी 20 लाख उपकरणं त्याच दोषासह चालू होती. नऊ वर्षं! औषध तयार होतं. पण चिप बनवणारे, राऊटर जुळवणारे, त्यावर आपलं नाव छापून विकणारे आणि इंटरनेट पुरवणारे या साखळीत प्रत्येकाने ते पुढच्यावर सोडलं. सगळ्यात शेवटी उभा असलेला माणूस घरात बसून बटण बंद-चालू करत राहिला.

आपल्याकडचं उदाहरण जुलै 2017 चं. बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे मोडेम सायबर हल्ल्यात एकाएकी बंद पडले; हा आकडा 60 हजारांच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या. मोडेम कारखान्यातून ज्या पासवर्डने आले, त्याच पासवर्डवर चालू होते. हल्ल्यानंतर ग्राहकांना सांगण्यात आलं, पासवर्ड बदला. वरातीमागून घोडं. हीच सूचना मोडेम बसवताना मराठीत, कानडीत, हिंदीत कागदावर हातात दिली असती तर?

तिरोड्याच्या शेतकऱ्याला छापील माहितीची किंमत शिकवायला नको. तो धानाच्या बियाण्याची पिशवी घेतो तेव्हा लेबल वाचतो. लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख, वैधता कधीपर्यंत. 1966 च्या बियाणे कायद्यामागे हाच विचार आहे, की विकणाऱ्याने आत काय आहे ते सांगितलंच पाहिजे. मग त्याच्या सातबाऱ्याची, पिकाची, बँक खात्याची माहिती ज्या राऊटरमधून जाते, त्याच्या खोक्यावर सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील हे का नको? ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून कायद्याने सरसकट एकच पासवर्ड टाकून उपकरणं विकायला बंदी आहे, आणि अपडेट किती काळ देणार हे कंपनीला जाहीर करावं लागतं. तिथल्या गिऱ्हाइकाला जे मिळतं ते आपल्यालाही मिळालंच पाहिजे.

2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेपासून आपण फायबरचे किलोमीटर आणि जोडलेल्या ग्रामपंचायती मोजत आलो. मोजायला हव्यातच. पण त्या फायबरच्या टोकाला बसवलेल्या उपकरणात कोणत्या वर्षाचं फर्मवेअर आहे, हा आकडाही त्याच तक्त्यात हवा.

इंटरनेट पुरवणाऱ्यांना हे अवघड नाही. त्यांनी दिलेले बरेच राऊटर त्यांना दुरूनच अपडेट करता येतात. केलं तर ग्राहकाच्या व्हॉट्सअॅपवर दोन ओळी मराठीत टाका: हा दोष होता, आज काढला. जुन्या माहितीपत्रकात चूक निघाली तर नवं पत्रक घरोघरी द्या. बिलाची आठवण न चुकता येते, ही दोन ओळींची माहितीही तशीच यायला हवी.

आणि केंद्रचालकांनो, पुढच्या हंगामाची वाट पाहू नका. राऊटर उलटा करा, मॉडेल क्रमांक लिहून घ्या, कारखान्याचा पासवर्ड आजच बदला. लाल दिवा एलओएसचा असेल तर फायबरमधून सिग्नल येत नाही. तिथे बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका, सरळ तक्रार नोंदवा. दिवे नीट असूनही राऊटर रोज अडकत असेल, तर पुरवठादाराला दोनच प्रश्न विचारा. याचं शेवटचं अपडेट कधी झालं? आणि पुढचं कधी आहे? उत्तर लेखी मागा.